चौतीस गुणांचा गुरामी

त्या सकाळी शलाका साळवीचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. कालच टाकीत सोडलेला, सगळ्यात सालस म्हणून निवडलेला मासा एका चिमुकल्या गप्पी माशाच्या मागे हात धुऊन लागला होता. गप्पीचं रंगीत शेपूट फाटलंसुद्धा होतं!

"सुयोग, हा शांत आहे असं तूच सांगितलंस ना?"

"हो ताई. ड्वार्फ गुरामी. स्वभाव सालस, आजवर एकही तक्रार नाही," सुयोग म्हणाला.

सुयोग हा यंत्रमानव. पूर्वी तो एका वधूवर सूचक मंडळात पत्रिका जुळवायचा. मंडळ बंद पडलं आणि शलाकाच्या आजोबांनी त्याला रत्नागिरीला, आपल्या घरच्या प्रयोगशाळेत आणलं. आजोबा मत्स्यशास्त्रज्ञ (माशांचा अभ्यास करणारे). ते निवृत्त झाले, पण मासे काही सुटले नाहीत.

"गप्पींशी याचे छत्तीसपैकी चौतीस गुण जुळतात," सुयोग अभिमानाने म्हणाला. "दोघंही वरच्या पाण्यात राहतात. दोघांनाही तरंगतं खाणं आवडतं. दोघंही भडक रंगाचे. असं स्थळ दिवा घेऊन शोधलं तरी मिळायचं नाही!"

"गोगलगाय अन् पोटात पाय!" शलाका गुरामीवर डोळे वटारून म्हणाली. तिला रडूच येत होतं, आणि त्याला कारणही होतं. ही शंभर लिटरची टाकी तीन आठवड्यांनी चंद्रावरच्या वस्तीत जायची होती. शलाकाची आई तिथे पाणी शुद्ध करण्याच्या कामावर होती आणि तिला परतायला अजून चौदा महिने होते. "इथे जिवंत, हलणारं असं काही दिसतच नाही गं," असं ती मागच्या संदेशात म्हणाली होती. म्हणून तिथल्या भोजनगृहासाठी शलाका ही टाकी तयार करत होती. सहा नर गप्पी होतेच. आता मधोमध नजर खिळवून ठेवणारा एक शांत मासा हवा होता. पण एक जरी मासा जखमी दिसला, तरी चंद्रावर जाणारं सामान बघणारे तपासनीस टाकी नाकारणार होते.

आजोबांनी टाकीत मधोमध काच बसवली. एका बाजूला गुरामी, दुसऱ्या बाजूला गप्पी. गुरामी काचेवर धडका मारू लागला. मग आजोबांनी काचेवर कागद चिकटवला. गप्पी दिसेनासे झाले आणि दहा मिनिटांत गुरामी गरीब गाईसारखा फिरू लागला.

"आजोबा, हा नक्की आहे तरी कसा? चांगला की वाईट?"

आजोबांना प्रश्नाचं उत्तर प्रश्नानेच द्यायची खोड होती. त्यांनी तिला मेणाची पेन्सिल दिली. "टाकीचे तीन मजले आख. दर मिनिटाला कोण कुठे आहे ते लिही."

अर्ध्या तासाने कागद भरला. वरच्या मजल्यावर सगळेच. तळमजला रिकामा. शलाकाचा गोंधळ आणखी वाढला. "सगळे शेजारी शेजारी राहतात. मग भांडतात कशाला?"

"तू आणि तुझी मावसबहीण बसमध्ये कशावरून भांडता?"

"खिडकीवरून. तिलाही खिडकीच हवी असते."

"आणि आजीशी?"

"आजीशी कशाला भांडू? तिला वारा सोसत नाही, ती..." शलाका थबकली. "ती आतल्या बाजूलाच बसते."

"आता कसं! प्रत्येक सजीवाचं परिसंस्थेत एक स्थान असतं (कुठे राहायचं, काय खायचं, कधी खायचं हे सगळं मिळून त्याची जागा). दोघांना एकच जागा हवी असली की स्पर्धा आलीच. शांतपणा एकट्या माशात नसतो, शेजारी कोण आहे त्यावरही तो ठरतो. हे भडक गप्पी गुरामीला प्रतिस्पर्धीच वाटले."

"मग मुळीच न जुळणारा आणू! सुयोग, सगळ्यात कमी गुण कुणाचे?"

"ट्राउट माशाचे. त्याला थंड पाणी लागतं. शिवाय तो गप्पींना खाऊन टाकील. गुण शून्य."

"आगीतून फुफाट्यात!" आजोबा हसले.

शलाकाने डोकं खाजवलं. जुळलं तरी पंचाईत, नाही जुळलं तरी पंचाईत! बराच वेळ ती कागदाकडे बघत बसली. मग हळूहळू, एकेक शब्द चाचपत म्हणाली, "पाणी जुळायला हवं. ऊबही. गप्पी त्याच्या तोंडात मावता कामा नये. पण मजला वेगळा आणि जेवणही वेगळं."

सुयोगचे दिवे लुकलुकले. "बोलिव्हियन रॅम. बोटाएवढा. तळाशी राहतो, वाळू तोंडात घेऊन चाळतो, त्यातलं खाणं टिपतो. गुण अकरा. ताई, हे स्थळ मी कुणालाच सुचवलं नसतं."

"एकच आणायचा," आजोबा म्हणाले. "दोन नर आले तर तळमजल्यावरून जुंपेल."

सुयोगने चाचरत विचारलं, "मग मी जुळवलेल्या एकशे बारा लग्नांचं काय?"

"माणसांना बोलता येतं रे. त्यांचं ती बघून घेतील," आजोबा म्हणाले.

गुरामी आजोबांच्या दुसऱ्या टाकीत सुखाने राहू लागला. रॅम आला तो मातकट रंगाचा, आणि येताच दगडामागे दडून बसला. हा कसली नजर खिळवून ठेवणार? शलाका पुन्हा बुचकळ्यात पडली. तिसऱ्या दिवशी तो बाहेर आला. त्याच्या परांना लाल किनार होती. तो संथपणे वाळू चाळत राहिला आणि वर गप्पी आपल्या नादात फिरत राहिले. एकदाही पाठलाग झाला नाही. तीन आठवड्यांत फाटलेलं शेपूट भरून आलं आणि तपासनिसांनी टाकीवर शिक्का मारला.

"आता पुढे गोगलगायी पाठवू, मग पाणवनस्पती," आजोबा म्हणाले. "एकेकाची जागा बघून बघून तिथे एक अख्खं तळं उभं राहील बघ."

टाकी गेल्यानंतर बाराव्या दिवशी आईचा संदेश आला. पडद्यावर ती टाकीसमोर ताट घेऊन बसली होती.

"शलू, तुझा तो रॅम एकेक दाणा वाळू चाळत होता गं. मी बघत बसले," आई म्हणाली, "आणि इथे आल्यापासून पहिल्यांदाच माझं जेवण गार झालं."

शलाकाने तो संदेश पुन्हा लावला. तिला हसूही येत होतं आणि रडूही, आणि या वेळी आपल्याला काय होतंय याबद्दल तिच्या मनात मुळीच गोंधळ नव्हता.