उपाशी जातं

दीपालीचा हात लागला की भंगाराचं सोनं होतं, हे लातूरच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कारण दीपालीच ते सगळ्यांना सांगायची. पण खोटंही नव्हतं ते. मोडक्या बाजेच्या खुरांचे तिनं दिवे केले, फुटक्या कंदिलात वेल लावला, सूप रंगवून त्याचं घड्याळ केलं आणि सासूबाईंच्या लग्नातला तांब्याचा हंडा उलटा टांगून त्याचं झुंबर केलं. हंड्यावरून मंजुळाबाई बरेच दिवस धड बोलल्या नव्हत्या. मग झुंबर लागलं, खोलीभर तांबूस उजेड पडला, तेव्हा मान वर करून म्हणाल्या, "चांगलं दिसून राहिलं. पर पानी कशात तापवायचं?"

सासू-सुनेचं तसं वाकडं नव्हतं. एका घरात राहायचं म्हणजे भांड्याला भांडं लागायचंच. धाकट्या लेकाकडून, रेणापूरहून, मंजुळाबाई थोरल्या शिवशंकरकडे राहायला आल्या त्याला काही वर्षं झाली होती. शिवशंकर औशाच्या शाळेवर मास्तर. सकाळी डबा घेऊन जायचा तो दिवस कलताना यायचा. दिवसभर घरात ह्या दोघीच. दीपालीला एकच गोष्ट खुपायची, की सासू आपल्या कामाला हौस म्हणते. नवराही हौसच म्हणायचा, पण नवऱ्याचं कोण मनावर घेतं!

मंजुळाबाईंच्या डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, गोंदण होतं. एक राघू आणि त्याच्याखाली नाव, सिंधु. सिंधु म्हणजे त्यांची पहिली लेक. नीट बोलायला लागली न लागली तोच तापानं गेली. तिचा फोटो काढायचा राहूनच गेला होता. पुढच्या वर्षी माळेगावच्या जत्रेत मंजुळाबाईंनी तिचं नाव हातावर काढून घेतलं. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण बोलता बोलता उजव्या हाताचा अंगठा बरोबर त्या जागेवर जायचा आणि तिथंच गोल गोल फिरत राहायचा. हिरवा रंग फिका पडला होता, तरी नाव वाचता यायचं. दीपाली नवी नवरी असताना त्यांनी तिला एकदा सांगितलं होतं, "सोनंनानं हितंच ऱ्हातं माय. गोंदन तेवढं संगं येतं. मी वर गेल्यावर लेकरानं मला वळखायचं कशावरून?"

तर त्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर नांदेडहून काम आलं. ज्योत्स्नाताई नावाच्या बाईंचं नवं हॉटेल दसऱ्याला उघडायचं होतं. दर्शनी दालनात त्यांना मधोमध जुनं जातं हवं होतं, पण कुणी कुठं पाहिलं नसेल असं. ते मनाला आलं तर अख्ख्या हॉटेलाची सजावट दीपालीकडे. हे काम झालं की हौस हा शब्द घरात पुन्हा ऐकू येणार नव्हता. दीपालीला झोप लागेना.

जातं मिळालं ते बिलोलीच्या पुढच्या एका गावात, धोंडाबाई नावाच्या म्हातारीच्या परसात. काळाभोर दगड, खुंटा शाबूत. वरच्या दगडाच्या तोंडात मात्र चिंध्यांचा बोळा घट्ट कोंबलेला होता आणि त्यावर शेणमाती लिंपलेली. दीपालीनं बोळ्याला हात घातला तशी धोंडाबाईनं तिचा हात धरला. "घरी नेऊन काढ. हितं नको." मग जरा थांबून म्हणाली, "नेऊन राहिली तर ने. पर उपाशी फिरवू नको त्याला."

दीपाली हसली. शोभेची वस्तू आहे मावशी, फिरवणार कोण, असं म्हणाली आणि तिनं जातं टेम्पोत चढवलं.

त्या क्षणी ती खरंच बोलत होती. मोटरीची कल्पना नंतर सुचली. दगड नुसता ठेवला तर ठेवल्यासारखाच दिसायचा. तो आपोआप, सावकाश फिरला तर? मल्लिकार्जुन मिस्त्री उदगीरकडचा, मोटरी भरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्यानं जुन्या कूलरची मोटर काढून, गती मंद करून खाली बसवली. दगडावर दगड घासू नये म्हणून मध्ये बेअरिंग घातलं, त्यामुळं दोन्ही दगडांत बोटभर फट राहिली. फटीत पिवळे दिवे लावले. खाली सागवानी पाट, पाटाला पितळी काठ. चिंध्या काढून दीपालीनं जात्याचं तोंड धुतलं, पुसलं आणि बटण दाबलं. दगड फिरू लागला आणि फटीतून उजेड भोवताली ओघळू लागला. मल्लिकार्जुनसुद्धा बघत राहिला. "अक्का, लई देखणं झालं," म्हणाला. हॉटेलात बंद पडून शोभा नको, म्हणून दसऱ्यापर्यंत घरीच दिवसभर चालवून बघायचं ठरलं.

मंजुळाबाईंना ते रुचलं नाही. पंचमीच्या सकाळी त्या जात्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. आज चिरायचं नाही, तळायचं नाही, दळायचं नाही, हे दीपालीला काय सांगायला हवं होतं? ती म्हणाली, हे कुठं दळतंय आत्या, नुसतं फिरतंय.

"त्येच म्हन्ते मी," मंजुळाबाई म्हणाल्या. "रिकामं जातं कुनी फिरवतं का?"

दीपालीनं बटण बंद केलं नाही. सण आहे म्हणून भांडण मात्र टाळलं.

आणि मग पाटावर पीठ दिसायला लागलं.

पहिल्यांदा तिला वाटलं, दगडाची भुकटी असेल. बोटावर घेतलं तर मऊ होतं. नाकाशी नेलं तर ज्वारीचं पीठ, ताजं, किंचित ऊन. तिनं पाट पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पीठ. फिरत्या दगडाच्या भोवती सारखी, गोल कड. जात्यात दाणा नाही, घरात दळण नाही, पीठ येतं कुठून? दीपाली शिकलेली बाई. भुताखेतांकडे तिचा विचार गेला नाही, तो सरळ सासूकडे गेला.

आता तिला सगळं जुळायला लागलं. पंचमीपासून आत्या गप्प होत्या. सकाळी ती अंघोळीला गेली की बाहेरच्या खोलीत पावलं वाजायची. ज्वारीच्या डब्याचं झाकण कधी तिरपं असायचं. आपण घाबरावं, काम सोडावं, म्हणून म्हातारी डब्यातली ज्वारी गुपचूप दळून आणून भुरभुरवते आहे, यात दीपालीला शंका उरली नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आई असं कशाला करील? दीपाली मनात म्हणाली, चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

एका सकाळी ती गंजगोलाईला सामान आणायला जाते म्हणून निघाली आणि गल्लीच्या टोकावरून मागल्या दारानं परत आली. पडद्याआडून पाहिलं. मंजुळाबाई जात्यापुढं पाय दुमडून बसल्या होत्या, बायका दळायला बसतात तशा. पदरात ज्वारी होती. मूठ भरून त्यांनी फिरत्या दगडाच्या तोंडात सोडली आणि दोन्ही हात जोडले. अंगठा मनगटावर गेला.

"सापडलात आत्या," दीपाली म्हणाली.

मंजुळाबाई दचकल्या नाहीत. गुडघ्यावर हात टेकून उठल्या. दीपालीच्या तोंडून मग काय काय निघालं ते तिलाही नंतर आठवत नव्हतं. माझं काम तुमच्या डोळ्यांत सलतं, म्हणाली. तुम्हाला माझं बरं झालेलं बघवत नाही, म्हणाली. शेवटी म्हणाली, हे जातं नांदेडला जाईपर्यंत तुम्ही रेणापूरला राहा. शिवशंकरनं संध्याकाळी दोघींची तोंडं पाहिली आणि आईची पिशवी भरायला घेतली. त्याला हीच एक युक्ती नेहमी सुचायची.

निघताना मंजुळाबाईंना राग नव्हता, निदान दिसला नाही. चप्पल घालता घालता त्या जात्याकडे बघत म्हणाल्या, "मी घालीत व्हते म्हनून जवारी दळत व्हतं. आता काय दळंल ते बघ बाई."

त्या गेल्या आणि पीठ थांबलं. दीपालीनं समाधानाचा श्वास सोडला. बघा, म्हणाली नवऱ्याला. पाट रोज लख्ख. दगड फिरतोय, उजेड ओघळतोय. ज्योत्स्नाताईंना तिनं व्हिडिओ पाठवला, त्यांना तो इतका आवडला की त्यांनी सगळ्या नातेवाइकांना दाखवला. घरात मात्र चहा एकच कप करायचा, हे तिच्या ध्यानात राहत नव्हतं. दुसरा कप ओट्यावर निवून जायचा.

पोळा होऊन गेला आणि एका दुपारी पाटाच्या पितळी काठाशी पुन्हा कड दिसली. बारीक, काळपट. दीपालीनं मल्लिकार्जुनला बोलावून घेतलं, बेअरिंग झिजतंय म्हणून त्याला दोन शब्द सुनावले. त्यानं दगड उचलून बेअरिंग काढलं, फिरवलं, पुसलं. नव्यासारखं होतं. मग ती भुकटी त्यानं चिमटीत चोळली आणि चिमूट उन्हात धरली.

"लोखंड न्हाई अक्का हे. हिरवं हाय."

खरंच हिरवं होतं. फिकं, जुनं हिरवं. वास कसलाच नाही. हा रंग आपण रोज कुठंतरी बघत होतो, असं दीपालीला वाटलं, पण कुठं ते आठवेना. मल्लिकार्जुननं हात धुतले, पुन्हा धुतले आणि चहा न घेता गेला.

आता संशय घ्यायला घरात कुणी उरलं नव्हतं. नवऱ्यावर घेऊन पाहिला. तो बिचारा दिवसभर औशाला. मल्लिकार्जुनवर घेतला. तो तर त्यानंतर फोनही उचलेना. आणि तेव्हा तिला ती फट आठवली.

बोटभर फट. दगडाला दगड लागत नव्हता, मग ज्वारी दळली कशी गेली?

ती डब्यातून मूठभर ज्वारी घेऊन आली. बटण दाबलं. दगड फिरायला लागल्यावर मूठ तोंडात सोडली. दाणे टपटप खाली आले आणि पाटावर पसरले. अख्खे. एकाही दाण्याला ओरखडा नव्हता. तिनं आणखी एक मूठ सोडली. तेच. सासूबाईंसारखी पाय दुमडून बसली, हात जोडले, पुन्हा सोडली.

अख्खे दाणे.

त्याच वेळी लाईट गेली. पंखा थांबला, फटीतले दिवे विझले. दगडही सावकाश थांबला.

घरघर थांबली नाही.

दगडावर दगड घासल्याची, जड, संथ घरघर. दीपालीनं दगडावर तळहात ठेवला. दगड जागचा हलत नव्हता. काठावरच्या ज्वारीच्या दाण्यांमध्ये मात्र हिरवी भुकटी हळूहळू उतरत होती.

तिनं वायर उपटली. चिंध्या कधीच कचऱ्यात गेल्या होत्या, म्हणून अंगावरच्या ओढणीचा बोळा करून तिनं तो जात्याच्या तोंडात कोंबला आणि तशीच रेणापूरच्या गाडीत बसली. वाटभर तिचा एकच धोसरा, आत्यांना परत आणायचं. पाय धरायचे, नांदेडचं काम गेलं तर गेलं. आपण चुकलो, हे तिला उभ्या आयुष्यात इतकं स्वच्छ कधी कळलं नव्हतं.

मंजुळाबाई अंगणात मूग निवडत बसल्या होत्या. तब्येत छान दिसत होती. चेहऱ्यावर तेज होतं. दीपालीची जाऊ ऋतुजा दारातच म्हणाली, "आल्यापासनं लई खुशीत हायेत. पहिल्यांदा बघितलं असं. रडनं न्हाई, कुढनं न्हाई."

दीपाली त्यांच्या पायाशी बसली आणि तिला रडू फुटलं. माझं चुकलं आत्या, घरी चला, म्हणाली. मंजुळाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. येते की, म्हणाल्या, त्यात रडायचं काय एवढं, माझ्या मनात काही नाही. आवाज मऊ होता, खरा होता. दीपालीला हायसं वाटलं. तिनं तो डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

हात स्वच्छ होता. राघू नव्हता, नाव नव्हतं. खरडल्याची खूण नव्हती, डाग नव्हता. त्या जागेची कातडी लहान मुलीच्या हातासारखी कोवळी होती.

"आत्या, गोंदण कुठं गेलं?"

"कसलं गोंदन?"

"सिंधुताईंचं."

मंजुळाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, डोळ्यांत खरोखरची उत्सुकता होती. "कोन सिंधु?" त्यांनी विचारलं. मग ऋतुजाला हाक मारून म्हणाल्या, दीपाली आली आहे, चहा टाक.

आणि त्या पुन्हा मूग निवडायला लागल्या, यंदा पाऊस बरा झाला, शेंग भरली, असं काहीबाही सांगत. दीपालीला त्यातला एक शब्द ऐकू येत नव्हता. ती सासूच्या मांडीवरच्या हातांकडे बघत होती. डाव्या मनगटाच्या जरा वर, त्या कोऱ्या जागेवर, उजव्या हाताचा अंगठा गोल गोल फिरत होता.