‘सेट’चा खण

तेरावं कार्ड कोरं निघालं. चौदावंही. धाकट्या संपादकांनी कार्डं ओवलेली पितळी सळई पूर्ण ओढून काढली, गठ्ठा टेबलावर पसरला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वरची बारा कार्डं तेवढी खरी होती. खालची सहाशे कोरी करकरीत.

“भिंगताई, जरा इकडे या,” ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा बराच खाली होता.

भिंगताई म्हणजे शब्दकोशाच्या त्या कचेरीतल्या मुद्रितशोधक. छापून आलेल्या पानांतल्या चुका काढणं हे त्यांचं काम, आणि गळ्यात दोरीला भिंग बांधलेलं म्हणून हे नाव. एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेतेय, असं त्या स्वतःच सांगत. घरी नवरासुद्धा त्यांना चिठ्ठी लिहून ठेवायला कचरे.

त्यांनी खणावरची चिठ्ठी वाचली आणि मटकन खुर्चीत बसल्या. खण ‘सेट’चा होता.

आता हे ‘सेट’ प्रकरण काय ते सांगायला हवं. इंग्रजी-मराठी कोशाचा शेवटचा खंड छापून होत आला होता आणि सगळं घोडं या एका शब्दापाशी अडलं होतं. इंग्रजीत तीन अक्षरांचा चिमुरडा शब्द, पण महाबिलंदर. सूर्य मावळतो तिथे हा हजर. वैद्य मोडलेलं हाड बसवतो तिथे हाच. घड्याळाचा गजर लावा, जेवणाचं टेबल मांडा, अंगठीत खडा जडवा, उंदरासाठी सापळा लावा, सिमेंट घट्ट होऊ द्या, सगळीकडे हेच कार्टं पुढे. तीस वर्षं पुस्तकं चाळून अशी सहाशे बारा वाक्यं गोळा केली होती, एका कार्डावर एक. प्रत कुठेही नव्हती. आणि दुपारी चार वाजता छापखान्याचा माणूस हा मजकूर न्यायला येणार होता.

व्यवस्थापक धावत आले. गठ्ठा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “कपाटाची किल्ली कोणाकडे असते?”

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दारात मावशी उभ्या होत्या, हातात फडकं.

मावशी सव्वीस वर्षं कपाटं सांभाळत होत्या. सकाळी नऊला कुलपं काढायची, संध्याकाळी लावायची, मधल्या वेळात खण पुसायचे. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. अक्षरं चित्रासारखी ओळखत आणि चित्राला चित्र जुळवून खण बरोबर काढून देत. तीन महिन्यांनी निवृत्त व्हायच्या होत्या. घरी एक आंधळी सासू होती आणि दोघींचं पुढचं सगळं त्या निवृत्तिवेतनावर होतं.

“मावशी, तुमची पिशवी इकडे द्या,” व्यवस्थापक म्हणाले.

पिशवी टेबलावर उलटी झाली. चष्म्याचं घर, डबा, सासूच्या गोळ्या, अर्धवट विणलेला पायमोजा. मावशी सामान गोळा करू लागल्या आणि लोकरीचा गुंडा घरंगळत थेट थोरल्या संपादकांच्या पायाशी गेला.

थोरले संपादक खिडकीपाशी आपल्या खुर्चीत बसले होते. कचेरीत सगळे त्यांना अण्णा म्हणत. हा कोश म्हणजे अण्णा, असं लोक मानत. त्यांनी गुंड्याकडे पाहिलं. वाकले मात्र नाहीत.

“दुसऱ्या कोशवाल्यांना ही कार्डं सोन्याच्या भावाची आहेत,” व्यवस्थापक म्हणाले. “चारपर्यंत मिळाली तर ठीक. नाहीतर पोलिसांना फोन, आणि मावशींचे निवृत्तीचे कागद माझ्या सहीविना पडून राहतील.”

भिंगताईंचं डोकं तडकलं. पण त्या घड्याळाकडे बघून एवढंच म्हणाल्या, “अकरा वाजलेत. पाच तास आहेत. तोवर मी जरा चुका काढते.”

पहिल्यांदा त्या खाली फाटकावर गेल्या. तिथला पहारेकरी मिशीला पीळ देत बसला होता.

“गेल्या महिन्यात कोणाची पिशवी न तपासता सोडलीस?”

“एकाचीही नाही. व्यवस्थापकसाहेबांची बॅगसुद्धा उघडतो. शिव्या खातो, पण उघडतो.”

“आणि अण्णांची?”

“त्यांचीही. ते हसून स्वतःच उघडून दाखवतात.”

“दहा-वीस कार्डं कपड्यांत लपवून नेली तर?”

“ताई, ते कार्ड पोस्टकार्डापेक्षा मोठं आणि पुठ्ठ्यासारखं जाड. दोन खिशात घातली तरी माणूस फळीसारखा चालेल.”

म्हणजे कार्डं इमारतीबाहेर गेलेलीच नव्हती. भिंगताई जिना चढता चढता विचार करत राहिल्या. जाळावीत तर इथे चूल नाही. फाडावीत तर केराची टोपली मावशी रोज स्वतः बघतात, कारण एकदा एक कार्ड चुकून केरात गेलं होतं आणि तेव्हापासून त्यांनी धसका घेतला होता. मग सहाशे कार्डं गेली कुठे?

वर आल्यावर त्यांनी धाकट्या संपादकांना गाठलं. हे गृहस्थ हुशार आणि तितकेच आढ्यतेखोर होते.

“खण शेवटचा कधी उघडलात?”

“महिना झाला असेल. अण्णांनी सांगितलं होतं, सेटला कोणी हात लावायचा नाही, मी करतोय.”

“तुम्ही सकाळी नऊ ते दहा एकटेच असता.”

ते चमकले. “असतो. अभ्यास करतो. आणि अण्णा एक ते दोन एकटे असतात, आपण सगळे खाली जेवायला जातो तेव्हा. मग?”

“मग काही नाही. अण्णांशी तुमचं बिनसलंय म्हणे.”

“बिनसलंय कसलं. मी सूर्याला ‘अस्त पावणे’ लिहिलं, त्यांनी खोडून ‘मावळणे’ केलं. हाडाला ‘अस्थिसंधान करणे’ लिहिलं, त्यांनी ‘बसवणे’ केलं. म्हणतात, घरात जो शब्द बोलतात तोच कोशात यायला हवा. शास्त्र वगैरे काही नाहीच.” त्यांनी नाक मुरडलं. “पण म्हणून मी कार्डं चोरीन, असं वाटतं तुम्हाला?”

“मला अजून काहीच वाटत नाही,” भिंगताई म्हणाल्या, आणि अण्णांकडे वळल्या.

अण्णा तसेच बसले होते. समोरचा चहा गार झाला होता.

“अण्णा, सेटचं लिखाण झालं होतं ना?”

“झालं होतं. दोन वर्षांपूर्वीच झालं होतं. शेवटचा हात फिरवायचा राहिला होता.”

“मग ते लिखाण आहे ना? कार्डं नसली तरी तेवढं छापखान्याला देता येईल.”

अण्णांनी गार चहाचा कप बाजूला सारला. “कार्डांच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं. प्रत्येक अर्थ त्याच्या त्याच्या कार्डामागे. कार्डांबरोबर तेही गेलं.”

“मावशींनी केलं असेल हे?”

“तसं मी कसं म्हणू,” अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

दोन वाजून गेले होते. भिंगताईंना काही सुचेना. त्या कपाटांच्या खोलीत जाऊन मावशींच्या शेजारी स्टुलावर टेकल्या. मावशी सवयीने खण पुसत होत्या. डोळे लाल होते, पण हात चालू होते.

“पुसताय कशाला आता?”

“मग काय करू? नुसतं बसलं की रडू येतं.” मावशींनी एका खणाचं कडं जोर लावून ओढलं. “आणि हे उलटं कपाट मेलं हल्ली हट्टीपणा करायला लागलंय. लाकूड फुगलं की काय कोण जाणे.”

उलटं कपाट हे तिथलं एक जुनं दुखणं होतं. बाकी सगळी कपाटं इंग्रजी अक्षरांनी लावलेली, हे एकटंच मराठी शब्दांनी. पुढेमागे मराठी-इंग्रजी कोश करायचा म्हणून अण्णांनी सुरू केलं आणि दहा वर्षांपूर्वी अर्ध्यात सोडून दिलं. आता मावशींच्या फडक्याशिवाय तिथे कोणी फिरकत नसे.

“सगळेच खण घट्ट झालेत?” भिंगताईंनी विचारलं.

“सगळे कुठे. ‘ल’चा तर बाहेरच येत नाही. ‘म’, ‘ब’ तसेच. ‘ज’ थोडा. ‘ढ’ अगदी सैल आहे.”

“लाकूड फुगलं असतं तर सगळेच फुगले असते, मावशी.”

भिंगताई उठल्या. ‘ल’चा खण दोघींनी मिळून ओढला. ‘लावणे’ शब्दापाशी थांबल्या आणि त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. जुन्या पिवळ्या कार्डांमध्ये पांढरी कार्डं होती. कोपऱ्यात इंग्रजीत तीन अक्षरं. खाली वाक्य, गजर लावण्याचं. पुढचं सापळा लावण्याचं. त्यापुढचं पुन्हा गजराचं.

त्यांनी कार्ड उलटं केलं. मग दुसरं. मग दहा-बारा उलटी केली.

“मिळाली?” मावशींनी विचारलं.

“मिळाली,” भिंगताई म्हणाल्या. त्यांनी उलटी केलेली कार्डं एकेक करून सरळ केली आणि खण आत ढकलला.

साडेतीनला त्यांनी सगळ्यांना उलट्या कपाटासमोर बोलावलं. अण्णा सर्वांत शेवटी आले.

“कार्डं इथे आहेत,” भिंगताईंनी सरळ सुरुवात केली. “सहाशेच्या सहाशे असतील. प्रत्येक कार्ड त्याच्या मराठी अर्थाच्या जागी लावलंय. सूर्याची ‘मावळणे’मध्ये, हाडाची ‘बसवणे’मध्ये, अंगठीची ‘जडवणे’मध्ये. लाखभर कार्डांत सहाशे कार्डं कोण शोधणार? चोर शहाणा होता.”

“म्हणजे कपाटवालीच,” व्यवस्थापक म्हणाले.

“थांबा. या कार्डांवर मराठीचं एक अक्षर नाही. नुसतं इंग्रजी वाक्य आहे. ते वाचून, अर्थ लावून, मग मराठी खण शोधावा लागतो. मावशींना इंग्रजी येत नाही. त्यांनी लपवली असती तर कुठेही कोंबली असती. चोराला तसं कोंबता आलं नाही. उभा जन्म कार्ड जागच्या जागी लावण्यात गेला, हात दुसरीकडे वळेनाच. चोरी करायला आला आणि कपाट लावून गेला.”

व्यवस्थापकांची नजर धाकट्या संपादकांकडे वळली. ते पांढरेफटक पडले.

“यांनाही इंग्रजी येतं,” भिंगताई म्हणाल्या. “पण यांनी सूर्य ‘अ’च्या खणात टाकला असता, ‘अस्त पावणे’खाली. मी पाहिलं. तिथे एकही कार्ड नाही. सगळी घरातल्या शब्दांखाली आहेत. अर्थात, दुसऱ्याची ढब कोणीही उचलू शकतं. तेवढ्यावरून मी कोणाचं नाव घेतलं नसतं.”

त्यांनी एक कार्ड उचलून सगळ्यांसमोर उलटं धरलं. मागची बाजू कोरी होती. दुसरं धरलं. तेही कोरं.

“अण्णा, तुम्ही मला सांगितलंत की सगळं लिखाण कार्डांच्या मागे आहे.”

भिंगताईंनी तिसरं कार्ड उलटं करून अण्णांसमोर धरलं.

“लिखाण झालंच नव्हतं. दोन वर्षं ‘शेवटचा हात’ चालला होता, पण पहिलाच फिरला नव्हता. आज चारला ते उघडं पडणार होतं. मालच चोरीला गेला तर लिखाण कोण मागणार? म्हणून रोज दुपारी एक ते दोन, सगळे जेवायला गेले की पंचवीस-तीस कार्डं.”

अण्णांनी चष्मा काढला. नाकारलं नाही. “सहाशे बारा,” ते हळूच म्हणाले. “टेबलावर पसरली की छाती दडपायची. एक अर्थ दुसऱ्यात शिरायचा, दुसरा तिसऱ्यात. तीस वर्षं लोक म्हणतात, अण्णांना सगळं येतं. जमत नाही हे सांगायचं कोणाला? मी कार्डं नष्ट करणार नव्हतो, ताई. थोडा वेळ हवा होता. मावशींवर येईल हे माझ्या ध्यानातच आलं नाही.”

“सकाळी आलं होतं,” मावशी म्हणाल्या.

इतका वेळ त्या भिंतीला टेकून होत्या. आता पुढे आल्या.

“माझी पिशवी उलटी केली तेव्हा तुम्ही समोर होतात. माझ्या सासूच्या गोळ्या चार माणसांसमोर टेबलावर पडल्या. गुंडा तुमच्या पायाशी आला. एक शब्द बोलला असतात तर पुरे होतं. एवढे शब्द आहेत तुमच्याकडे.”

अण्णांची मान खाली गेली. मग त्यांनी व्यवस्थापकांकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “कार्डं मी लपवली. मावशींचा काही संबंध नाही. मला काय शिक्षा करायची ती करा, त्यांच्या कागदांवर आत्ता सही करा.”

व्यवस्थापक खाकरले, पुटपुटले, कागद आणायला गेले. परत आले तेव्हा सही झालेली होती.

धाकटे संपादक मात्र उघड्या खणात डोकं घालून बसले होते. “भिंगताई,” ते म्हणाले, “हे बघा. ‘लावणे’ची सगळी एकत्र. ‘मांडणे’ची एकत्र. अर्थ वेगळे झालेत. दोन वर्षं जे होत नव्हतं ते झालंय. आता क्रमाने काढून नुसतं लिहायचं.”

अण्णांनी वर पाहिलं. एकेक कार्ड लपवताना एकेक अर्थच समोर होता, छाती दडपायला कारण नव्हतं. ते त्यांनाही आत्ताच कळत होतं.

चारला छापखान्याचा माणूस आला. भिंगताईंनी त्याला आठ दिवसांनी यायला सांगितलं आणि कारण विचारलं तेव्हा चूक आमची आहे, एवढंच सांगितलं.

मावशींनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला, अण्णांच्या हातात दिला. “कार्डं तुम्ही घातलीत, तुम्हीच काढा. ‘ल’चा खण खालून दाबून ओढावा लागतो.”

मग त्या खिडकीपाशी गेल्या, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा अण्णांच्या खुर्चीत बसल्या आणि पायमोजा विणायला घेतला. अण्णा गुडघ्यांवर बसून खण ओढत होते. अंधार पडेपर्यंत मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग उठून दिवा लावला, कारण अण्णांना खालचे खण दिसत नव्हते.