पान २११ ते २०९

अंधेरीच्या त्या जुन्या ग्रंथालयात प्राणिशास्त्राचा तो जाडजूड खंड मागायला वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नव्हतं. आणि त्या शनिवारी एकदम दोन गिऱ्हाइकं!

"एकच प्रत आहे," काउंटरवरच्या प्रेमाताई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "तो मुलगा घेऊन बसलाय. भांडू नका म्हणजे झालं."

खिडकीजवळच्या टेबलावर उन्हाने रापलेला एक उंच मुलगा पुस्तकावर वाकून बसला होता. श्रुतिका त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्हाला पान २११ हवंय का हो?"

तो दचकला. "तुम्हाला कसं—"

"२११ ते २०९. पुढे सुरू होऊन मागे संपणारा लेख. जगात एकच असणार असा."

तो बघतच राहिला. "म्हणजे... ऑफिसच्या नावाने आलेल्या त्या मेल तुमच्या?"

मेल तिच्याच होत्या. एमआयडीसीतल्या तिच्या ऑफिसात विज्ञान-नियतकालिकांकडे आलेले लेख तपासणीला येत. श्रुतिकाकडे असायची शेवटची रेफरन्सची यादी. स्वल्पविराम कुठे, साल कुठे, नियतकालिकाचं नाव तिरक्या अक्षरांत आहे ना. बाकीच्यांना जांभया यायच्या. हिला मात्र तांदूळ निवडल्यासारखं बरं वाटायचं. ठाण्याच्या खाडीतल्या तिसऱ्यांवरचा, म्हणजे शिंपल्यांवरचा, एक लेख तपासताना ती या उलट्या पानांपाशी अडली. लेखकाला विचारलं, तर उत्तर आलं, 'सगळ्यांनी असंच दिलंय.' तिने शोधलं. खरंच, सगळ्यांनी असंच दिलं होतं! एकाने चूक केली आणि बाकीच्यांनी ती इमानदारीत उतरवून घेतली. मूळ लेख कुणी उघडलाच नसणार.

"तीन मेल पाठवल्यात तुम्ही," तो म्हणाला. "तिसरीत 'कृपया'सुद्धा नव्हतं."

"पहिल्या दोनांत होतं ना? संपलं मग."

तो हसला. इतका मोठ्याने, की प्रेमाताईंनी पट्टी आपटली.

"मी सुयोग. सुयोग परब."

"ते यादीवरून पाठ झालंय. मी श्रुतिका तावडे."

त्याचं हसू अर्ध्यावरच थांबलं. "मुलुंडच्या...?"

"हो. का?"

"काही नाही... बसा ना."

डोक्यावरचा पंखा पानं उडवत होता. एक कोपरा त्याने धरला, दुसरा तिने. पानं शोधता शोधता तो हळूच बोलू लागला.

"वर्षातून दोनदा अंडी सोडतात या माझ्या शिंपल्या. चिखलात उभा राहून बघितलंय मी, दोन वर्षं. पण लेखावर मत देणारे तज्ज्ञ म्हणतात, या जुन्या लेखात 'एकदाच' लिहिलंय, म्हणजे तुमचंच चुकलं. सर म्हणतात, तेवढा भाग काढून टाक. तो काढला तर उरतं काय? पीएचडी पुन्हा पहिल्यापासून."

लेख सापडला पान २०१ वर; कुणीतरी शून्याचा एक केला होता. सुयोग सुरुवातीपासून वाचायला लागला. श्रुतिकाची सवय वेगळी, तिने थेट शेवट गाठला. तिचं बोट एका ओळीवर थबकलं.

"हे बघा... लिहिलंय की, ही पाहणी फक्त थंडीच्या चार महिन्यांत केली. बाकीच्या महिन्यांबद्दल आम्ही काही सांगू शकत नाही."

सुयोगने ती ओळ दोनदा वाचली.

"म्हणजे 'वर्षातून एकदाच' असं हे म्हणालेच नाहीत?"

"नाही. प्रामाणिक माणसं होती बिचारी. मागून आलेल्यांनी वाचलंच नाही."

सुयोगने पानावरचा तिचा हात एकदम घट्ट धरला. मग लक्षात आलं तसा सोडला. "सॉरी!"

"असू दे... पान उडालं असतं."

बाहेर रसवंतीवर उसाचा रस घेताना 'तुम्ही' कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही. अर्धा ग्लास झाल्यावर सुयोग घसा खाकरून म्हणाला, "एक सांगू? मी घाटकोपरचा."

"मग? घाटकोपरला काय वाईट आहे?"

"दिवाळीत तुझ्या घरी माझा बायोडाटा आला होता. तू नकार दिलास."

श्रुतिकाचा ग्लास ओठांपाशीच राहिला. नंदामावशी! 'शिकलेला आहे गं, पण दिवसभर चिखलात असतो. अंगाला वास येतो म्हणे. आणि हसत तर कधीच नाही.' मग आईने व्हॉट्सअ‍ॅपवर काहीतरी पाठवलं होतं खरं...

"वाचला होतास बायोडाटा?"

"...नाही."

"मग कशावरून 'नको' म्हणालीस?"

"मावशी म्हणाली."

"आणि मावशीला कुणी सांगितलं?"

"तिच्या भिशीतल्या कुणीतरी..."

सुयोग तिच्याकडे असा बघत राहिला, जशी ती चुकलेल्या यादीकडे बघायची. श्रुतिकाचे कान तापले. आणि मग तिला हसूच फुटलं, रस नाकात जाईपर्यंत.

"येतो का गं वास?" त्याने विचारलं.

"नक्की सांगता येत नाही. तासभरच तर बसले होते शेजारी... आणखी एकदा बसावं लागेल."

सोमवारी सकाळी ऑफिसात ती तिच्या वरिष्ठ सुलक्षणा मॅडमच्या टेबलाशी उभी होती. "मॅडम, हा परबांचा लेख माझ्या शेजारच्या ऋतिकाला द्या."

"का गं? सुट्टीच्या दिवशी तडफडत गेलीस त्याच्यासाठी!"

"लेखक ओळखीतला निघाला."

"नातेवाईक?"

"अजून नाही."

मॅडमनी हातातलं पेन केसांत खोचलं आणि तिला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "बरं. पण निकाल लागेपर्यंत त्याच्याशी एक शब्द नाही हं. नाहीतर उद्या म्हणतील, ओळखीने काम झालं. त्याच्याच मेहनतीवर पाणी पडेल."

शब्द दिला. पाळायला बसली, तेव्हा तो किती जड आहे ते कळलं. पहिल्या दिवशी त्याने तळहातावरच्या तिसरीचा फोटो पाठवला. मग 'बिझी?' मग नुसतंच 'ओके.' मग काहीच नाही. ती उत्तर टाइप करायची, पुसायची. भांडुपवरून बस जाताना खाडीच्या बाजूला मान वळवून बघायची. इथून काय दिसणार होतं, कांदळवन आणि टॉवर?

"मर गं तू एकदाची," ऋतिका वैतागली. "लेख मी बघतेय आणि सुस्कारे तू टाकतेस!"

तीन आठवड्यांनी निकाल आला. थंडीच्या महिन्यांची ती ओळ तज्ज्ञांनाही पटली होती; लेख स्वीकारला होता. 'दोनदा'सकट, एक ओळही न वगळता. ऋतिकाने नियमाप्रमाणे लेखकाला कळवलं. शिवाय खाली एक ओळ, तीही नियमाप्रमाणेच, पण टाइप करताना दात काढत: 'आधीच्या तपासनीस श्रुतिका तावडे यांनी लेखकाशी वैयक्तिक संबंध असल्याचं सांगून हे काम सोडलं होतं.'

पाचव्या मिनिटाला श्रुतिकाचा फोन वाजला.

"अभिनंदन!" ती म्हणाली.

"ते राहू दे. वैयक्तिक संबंध म्हणजे काय?"

"म्हणजे... असतो तसाच..."

"श्रुतिका, मी खाडीत गुडघाभर चिखलात उभा आहे. तीन आठवडे मला वाटतंय, दुसऱ्यांदा नकार आला. नीट सांग."

ऑफिसभर कान टवकारले गेले होते. ऋतिकाने तर की-बोर्डवरचे हातही उचलले होते. श्रुतिकाने डोळे मिटून घेतले.

"सुयोग, तो पहिला नकार भिशीचा होता. माझा नव्हता. माझा... होकार आहे. स्वतः बघून दिलेला."

पलीकडून जोरात 'चपाक्' असा आवाज.

"सुयोग? अरे, काय झालं?"

"पडलो."

"लागलं का रे?"

"नाही गं," तो धापा टाकत, हसत म्हणाला. "तू बोल ना... परत एकदा बोल."