वाळूआडची कड

जिना चढून चबुतऱ्यावर येताच डिर्कने कठडा घट्ट धरला. चहूकडे समुद्र, वाळूच्या टेकड्या, कोळ्यांच्या होड्या आणि बाहेर पडायला दार कुठेच नाही. समुद्र रंगवलेला होता, पण डिर्कचा जीव खरोखरच गुदमरला.

"घाबरलात वाटतं, भावोजी?" फेमके रूर्दाने विचारलं. नवऱ्यामागे तिने चोऱ्यांचे छडे लावायचं काम धरलं होतं. दिराला चिडवणं मात्र पूर्वीचंच.

चित्रकार हेसेल फान ओस्त्रुम सुखावला. स्वतः चित्रं काढायची, दुसऱ्यांची जमवायची आणि वर हे गोल चित्रघर बांधून तिकीट लावायचं, असा त्याचा पसारा. हेगमध्ये तेव्हा त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं?

"कॅनव्हास कुठे संपतो, दिसतं?"

"नाही बुवा," डिर्क म्हणाला.

"दिसायचंच नाही! पुढे खरी वाळू रचलीय. तळाची कड इथून दिसली की जादू संपली." मग त्याचा आवाज उतरला. "काल माझ्या संग्रहातलं एक चित्र खालच्या दालनातून चोरीला गेलं. मी लगेच दारं लावून झडत्या घेतल्या. आमचे व्यवस्थापक क्राम्प यांनी जागा सांगितली, तिथेच वाळूमागे सापडलं. वाळू सारखी करणाऱ्या आल्टयेला खाली कोंडलंय. संध्याकाळी पोलीस नेतील. त्याआधी तुमचीही एकदा खात्री होऊ दे, म्हणून बोलावलं."

खालच्या अंधाऱ्या बोळात आल्टये गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"मी हातसुद्धा लावला नाही, बाई. पण वाळूकडे जायच्या दाराची किल्ली माझ्याकडे. माझं कोण ऐकणार?"

"किल्ली सतत जवळ असते?"

"जेवताना खुंटीवर टांगते."

पहारेकरी टुनिस ठसक्यात म्हणाला, "बाहेर कुणी गेलं नाही. माझ्यासमोरून माशी जाईल तर शपथ!"

लुडॉल्फ क्राम्प वर चबुतऱ्यावरच भेटला. "मी इथूनच पाहिलं. ती वाकली आणि कॅनव्हासच्या तळाशी, आडव्या तुळईमागे चित्र सरकवलं."

"तुम्ही कधी खाली उतरता?"

"छे! वाळूत पाऊल घालीन? बूट बघा माझे."

डिर्क कुजबुजला, "वहिनी, संपलं. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार."

"संपलंच. आता खाली जा आणि त्या तुळईपाशी वाका."

कुरकुरत डिर्क गेला, वाकला. मागे कॅनव्हासची भिंत, पुढे वाळूचा ढीग. वरून फेमकेचा आवाज आला.

"क्राम्पसाहेब, भावोजी दिसतात?"

क्राम्प कठड्यावरून वाकून पाहू लागला.

"हेसेलसाहेब, तुम्हाला?"

"कसे दिसतील? मीच तर..." चित्रकार क्राम्पकडे वळला.

"तळ वरून दिसत नाही, तुळईही नाही. ती पाहायला खालीच जावं लागतं. क्राम्पसाहेब, आल्टये जेवत असताना खुंटीवरची किल्ली तुम्ही घेतलीत. चित्र लपवलंत, नंतर हळूच बाहेर काढणार होतात. पण दारं लागली, चित्र आत अडकलं आणि तुम्हीही. मग तिला पुढे केलंत."

क्राम्प धावला, पण जिन्यावर टुनिस आडवा उभा होता.

"हे मला कसं सुचलं नाही?" चित्रकार पुटपुटला.

"वाळू झाडणारीच चोर, हे तुम्ही आधीच ठरवलं होतं."

आल्टयेला वर आणलं. उजेडाने तिचे डोळे मिटत होते.

"झालं गेलं विसर, पोरी. उद्यापासून ये कामावर," चित्रकार म्हणाला.

तिने कमरेचा कामाचा ॲप्रन सोडून त्याच्या हातात दिला.

"कोंडण्याआधी एकदा विचारायचं होतंत, साहेब," ती म्हणाली आणि जिना उतरून उघड्या दाराकडे चालू लागली.