पुढे केलेला हात

ये दीपा. दार लोटू नकोस, उघडंच राहू दे. चहा तुलाच करावा लागेल बाई, मला उठता येत नाहीये. हसू नकोस, आधी ऐक.

अर्विंगला आल्यापासून सहा वर्षं मी नवऱ्यामागे डिपेंडंट व्हिसावर घरात, नोकरीला बंदी. श्रीरंग गाडी घेऊन ऑफिसला जायचा, आणि बाहेर हे मेलं टेक्ससचं ऊन! जीव नुसता गुदमरायचा. शेजारच्या ओगावाकाकांनी नेत्सुके कोरायला शिकवलं म्हणून वेडी झाले नाही. जपानी लोक पूर्वी कमरपट्ट्यात बटवा अडकवायचे ना, त्याच्या दोरीच्या टोकाची लिंबाएवढी लाकडी मूर्ती म्हणजे नेत्सुके. काका सारखं बजावायचे, ‘‘हात, पाय, काही बाहेर येता कामा नये. कपड्यात अडकतं, मोडतं.’’ मूर्तीच्या पाठीवर दोरी ओवायला दोन भोकं. ती काका अगदी शेवटी पाडायचे.

मुलीकडे सिअ‍ॅटलला कायमचे निघाले, तेव्हा त्यांनी एक अर्धवट कोरलेली बाई माझ्या हातात ठेवली. उठायच्या बेतात असलेली, उजवा हात लांब पुढे केलेला.

‘‘ही अशीच राहू दे,’’ म्हणाले.

‘‘का, काका?’’

‘‘तिला... दार उघडायचंय.’’

मला वाटलं, म्हातारा थकला. या सप्टेंबरात माझं वर्क परमिट आलं, लायब्ररीत इंटरव्ह्यू ठरला, आणि आनंदाच्या भरात मी ती पुरी करायला घेतली. पुढे आलेला हात तासून काढला, छातीशी घट्ट धरलेला नवा कोरला. पिवळा भुसा अंगभर, कडवट वास.

दुसऱ्या दिवशी इंटरव्ह्यूला निघाले, तर माझा उजवा हात छातीपासून सुटेना. श्रीरंग म्हणाला, ‘‘टेन्शन आलंय यार तुला.’’ एक्स-रे क्लीन. इंटरव्ह्यू कॅन्सल केला. काल पाय आखडले. डाव्या हाताने तिला ठेवलेला डबा उघडला... बाई गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. मी पुन्हा हत्यार लावलं नव्हतं गं, आईशप्पथ!

लायब्ररीने आता सोमवारची नवी तारीख दिलीय. मला जायचंय दीपा. या घरातून बाहेर पडायचंय.

आता एकच कर. सकाळपासून पाठीत कोणी गिरमिट फिरवतंय असं दुखतंय. भुशाचा वास येतोय... तुलाही येतोय ना? कुर्ता जरा वर घे. श्रीरंगने निघताना तिचा डबा उघडून पाहिला, तेव्हा तिच्या पाठीला एकच भोक होतं...

माझ्या पाठीला किती आहेत?