आठ सेकंदांचं गवत

बाबांच्या हनुवटीवर डाव्या बाजूला, ओठाच्या कोपऱ्यापासून सव्वीस मिलिमीटर खाली, एक चीर आहे. लांबी चार मिलिमीटर. दाढी करताना पातं लागून होते तशी सरळ, खालच्या टोकाला किंचित वळलेली. त्या टोकाशी मोहरीहूनही लहान असा लाल ठिपका. मी ती मोजली फार उशिरा. त्याआधी सहा वर्षं ती रोज पाहत होते आणि जुना व्रण समजून सोडून देत होते. रोजच्या पाहण्यातली गोष्ट दिसत नाही. फोटोग्राफरलाही नाही.

आमचा स्टुडिओ बाबांनी सुरू केला. खाली स्टुडिओ, वर घर, मध्ये चौदा पायऱ्यांचा लाकडी जिना. मी भौतिकशास्त्र शिकले, चार वर्षं एका प्रयोगशाळेत भिंगं तपासली, आणि बाबांचे गुडघे कुरकुरायला लागल्यावर इथे आले. तेव्हापासून मी चेहरे काढते. ओळखपत्रांचे, लग्नाच्या स्थळांसाठीचे, निवृत्त होणाऱ्या साहेबांचे.

बाबांनी धंद्यातल्या दोनच गोष्टी घोटून घेतल्या. बटण दाबण्याआधी "हलू नका" म्हणायचं. आणि दाबून झाल्यावर "झालं, हला आता" म्हणायचं. पहिली सगळ्यांच्या लक्षात राहते, दुसरी विसरतात. "आपण त्याला बांधून ठेवलं," बाबा म्हणायचे, "मग सोडणार कोण? शेजारचा?" "हला आता" म्हटलं की गिऱ्हाईक हसायचं, खांदे खाली सोडायचं आणि पुन्हा माणूस व्हायचं.

सहा वर्षांपूर्वी आई गेली. किरकोळ म्हणून सांगितलेली शस्त्रक्रिया होती. बातमी ऐकून बाबा फक्त "बरं" म्हणाले. रडले नाहीत. त्यानंतर ते घराबाहेर पडले नाहीत. सकाळी दहाला जिना उतरून गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसतात. गिऱ्हाईक आलं की कोपऱ्यातल्या खुर्चीत जातात, ते गेलं की परत स्टुलावर. जेवतात, वर्तमानपत्र वाचतात, माझ्या प्रकाशयोजनेला नावं ठेवतात. प्रत्येकाची दुःखाची तऱ्हा वेगळी, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

दादा दुसऱ्या शहरात असतो. दर रविवारी फोनवर बाबांचा चेहरा बघतो.

"बाबांना फ्रीजमध्ये ठेवतेस का गं? माझं डोकं पांढरं झालं, ह्यांचा एक केस बदलला नाही."

"ते तुझ्यासारखी चिंता करत नाहीत."

"टोमणे पुरे. त्यांना त्या स्टुलावरून उठव. माझ्याकडे पाठव थोडे दिवस. कधी बोलणार आहेस त्यांच्याशी?"

"बोलते."

हे "बोलते" सहा वर्षं चाललं होतं.

समोरच्या सलूनवाल्याने ह्याच गोष्टीला दुसऱ्या टोकाने हात घातला. "ताई, तुमचे बाबा कटिंगला दुसरीकडे जातात का? स्पष्ट सांगा, मी मनाला लावून घेणार नाही."

"कुठेच जात नाहीत."

"मग डोक्यावर पीक येतच नाही की काय?" स्वतःच्या विनोदावर तो मनापासून हसला. मग म्हणाला, "ते जाऊ दे. मला भिंतीला एक मोठा फोटो पाहिजे. डोंगर, पाणी, एखादं झाड. गिऱ्हाईक बघत बसलं पाहिजे. ते हललं की कान जातो, आणि बोल मला लागतो."

"मी माणसांचे फोटो काढते हो."

"मग डोंगराला माणूस समजा. त्यात काय?"

सोमवारी स्टुडिओ बंद असतो. आमच्या शहराला पाणी पुरवणारं तळं बारा किलोमीटरवर आहे. पलीकडे एक बुटका डोंगर, अलीकडे काठावर गुडघाभर गवत आणि एक वाकडं झाड. सकाळी आठला मी तिथे कॅमेरा उभा केला, आणि पंधरा मिनिटं मला काहीच सुचलं नाही. स्टुडिओत उजेड माझा असतो. हात लांब केला की दिवा सरकतो. इथे एकच दिवा होता, माझ्या हातात नव्हता आणि स्वतःच्या गतीने सरकत होता. डोंगराला "हनुवटी जरा खाली" म्हणता येत नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यासमोर असं कोणी होतं, ज्याला आपण कसे दिसतो ह्याची पर्वा नव्हती. मला बरं वाटलं. का, ते त्या दिवशी कळलं नाही.

वारा चांगला होता. भिंगावर काळी काच लावली आणि शटर आठ सेकंद उघडं ठेवायचं ठरवलं. असं केलं की पाणी दुधासारखं गुळगुळीत दिसतं आणि डोलणारं गवत धुरासारखं पुसट होतं. घड्याळावर नजर ठेवून मी बटण दाबलं. आठ सेकंदांनी सोडलं.

फोटोत गवताचं एकेक पातं सुईसारखं रेखीव होतं. पाण्यावरची प्रत्येक सुरकुती जागच्या जागी.

शटर अडकलं असेल, हा पहिला विचार. पण मग फोटो काळाकुट्ट यायला हवा होता. उजेड बरोबर आठ सेकंदांचा होता. म्हणजे आठ सेकंद प्रकाश आत आला, आणि त्या आठ सेकंदांत समोर काहीही हललं नाही.

तेव्हा आठवलं की बटण दाबताना सवयीने माझ्या तोंडून "हलू नका" गेलं होतं. आणि नंतर "झालं, हला आता". मी स्वतःशीच हसले होते.

प्रयोगाची शिस्त जात नाही. पाच फोटो न बोलता काढले: पाचही पुसट. पाच बोलून: पाचही रेखीव. शेवटच्या वेळी मी घड्याळाकडे न बघता समोर बघितलं. वाऱ्याने झुकलेलं गवत झुकलेलंच होतं. उजवीकडे, चौकटीच्या बाहेर, तेच गवत नेहमीसारखं डोलत होतं. दोन्हींमधली सीमा माझ्यापासून आठ-दहा पावलांवर होती. जाऊन त्या रेषेवर हात धरता आला असता. मी गेले नाही.

ह्यातलं मी कोणाला सांगितलं नाही. सांगायला आधी स्वतःला कळावं लागतं.

एक रेखीव फोटो मोठा करून सलूनवाल्याला दिला. पुढच्या सोमवारी पुन्हा गेले. आठ वाजून दहा मिनिटांनी "हलू नका" म्हटलं, बटण दाबलं, आणि फोन वाजला. दादा होता. नेहमीचंच. मी बोलत बोलत गाडीपर्यंत गेले, चिडले, फोन ठेवला, सामान गुंडाळलं आणि घरी आले.

तिसऱ्या सोमवारी मला निघायला उशीर झाला. पोचले तेव्हा दहा वाजले होते. उन्हं तापली होती, वाटेवरचं गवत सुकून खरखरत होतं. काठावरच्या एका पट्ट्यात मात्र पात्यांवर दव होतं.

तळ्यावर एक घार होती. पंख उघडलेले. मी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. ती तिथेच होती.

मग मला झाडाची सावली दिसली. माझी सावली आखूड होती. झाडाची लांबलचक, वेगळ्याच दिशेला पडलेली. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांची.

मी मोठ्याने म्हटलं, "झालं, हला आता."

सावली घड्याळाच्या काट्यासारखी सरकली आणि माझ्या सावलीला समांतर होऊन थांबली. दव ओघळलं. घार पडली नाही, दचकली नाही. पंख किंचित तिरका करून डोंगरामागे गेली. पट्ट्यात एका झुडपावर अर्धवट उमललेली पिवळी कळी होती. चाळीस मिनिटांत ती पूर्ण उमलली. मी तीन तास बसून पाहिलं. काही कोमेजलं नाही. सात दिवस एकदम कोणाच्या अंगावर आले नाहीत. जिथे थांबलं होतं, तिथून पुढे सुरू झालं, इतकंच.

परतताना गाडीत एक साधा प्रश्न डोक्यात आला. मी विसरले कशी? फोन वाजला म्हणून. असं ह्याआधी कधी झालं होतं?

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

आई गेली त्या सकाळी बाबांचा पासपोर्टसाठी फोटो काढायचा होता. आई घरी आली की दोघं फिरायला जाणार होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे पासपोर्ट फोटो काढले, आता स्वतःचा, म्हणून बाबा खुशीत होते. स्टुलावर ताठ बसले. मी "हलू नका" म्हटलं, बटण दाबलं, आणि फोन वाजला. दवाखान्यातून होता.

घरी येऊन जुन्या संगणकावर ती तारीख शोधली. दहा वाजून बारा मिनिटं. एकच फोटो. मोठा केला. हनुवटीवर, डाव्या बाजूला, चार मिलिमीटरची चीर. टोकाशी लाल ठिपका.

बाबा दुपारचं वर्तमानपत्र वाचत होते. "बाबा, इकडे बघा जरा," म्हणून मी कापसाच्या बोळ्याने तो ठिपका टिपला.

कापूस लाल झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपका होता तिथेच होता. तिसऱ्या दिवशीही.

तळ्याकाठचा तो तुकडा पूर्ण थांबला होता; बाबा तर जेवत होते, चालत होते. ह्या फरकाचं कारण मला देता येत नाही. माणसाला "हलू नका" म्हटलं तरी तो श्वास घेतो, पापणी लववतो. बाबांचं सहा वर्षांचं जेवणं-चालणं म्हणजे तेवढंच असेल.

दोन शब्द म्हणायचे होते. ते म्हणायला मला अकरा आठवडे लागले. ते म्हटले की बाबांसाठी आई त्या क्षणी जाणार होती, आणि मीच ते करणार होते. शिवाय सात दिवस म्हणजे सहा वर्षं नव्हेत, आणि घार म्हणजे बाबा नव्हेत. एका निरीक्षणावरून नियम काढू नये, हे मला शिकवलेलं आहे. ही सगळी कारणं खरी होती. त्यांच्याखाली आणखी एक होतं. बाबा स्टुलावर असलेले मला हवे होते. गिऱ्हाईक गेल्यावर मागे वळलं की तिथे कोणीतरी असायचं.

मधले दहा सोमवार मी तळ्यावर काढले, तोंड मिटून. गवताला डोलू दिलं, पाण्याला वाहू दिलं, ढगांना चौकटीबाहेर जाऊ दिलं. आधी ते पुसट फोटो मला चुकलेले वाटायचे. हळूहळू डोळा सरावला. चेहरा काढताना मी वेळातून एक चकती कापून घेत होते. इथे वेळ स्वतः येऊन कागदावर बसत होता. गवत पुसट होतं, कारण गवत जिवंत होतं. एका सोमवारी लक्षात आलं, मी शिट्टी वाजवत होते.

मधेच सलूनवाला पहिला फोटो घेऊन आला. "ताई, हा बदलून द्या. रागावू नका, झकास आहे. पण गिऱ्हाईक बघतं आणि गप्प होतं. काल एकाने विचारलं, तिथे काय झालंय?"

मी त्याला पुसट गवताचा दिला. त्याने तो हातभर लांब धरला. "हां! ह्याला वारा आहे."

शनिवारी मी दादाला फोन केला.

"सोमवारी सकाळी ये. नऊपर्यंत पोच."

"का? काय झालं?"

"अजून काही नाही. बाबांना आपण दोघं लागू."

"येतो," म्हणाला.

सोमवारी बाबांचे बूट पुसून दाराशी ठेवले. सहा वर्षांत बुटांचे तळ झिजले नव्हते. दादा आला, मी सांगितलं तसा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला. बाहेरचं दार सताड उघडं ठेवलं. दिवे त्या सकाळच्या फोटोत होते तसे लावले, सावल्या जुळवून.

बाबा दहाला उतरले. दादाला बघून म्हणाले, "तू कसा काय?" आणि उत्तराची वाट न बघता स्टुलावर बसले. मी त्यांच्या हातात तळ्याचा फोटो दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला.

"गवत हललंय गं."

"हलू दिलं, बाबा."

"बरं केलंस." त्यांनी फोटो मांडीवर ठेवला. "कुठलं हे? छान आहे. हिला दाखवायला पाहिजे."

मी कॅमेऱ्यामागे गेले. मुख्य दिवा लावला. उजेड चेहऱ्यावर पडताच बाबा ताठ झाले, हनुवटी जराशी खाली घेतली. खुशीत दिसत होते. चिरेच्या टोकाशी रक्त ओलं चमकत होतं.

घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

ओठ फारसे न हलवता, फोटो बिघडू नये अशा बेताने, बाबा म्हणाले, "आवर गं लवकर. अकराला आईला भेटायला सोडतात."

जिन्यावर दादाने श्वास आत घेतल्याचं मला ऐकू आलं. उघड्या दारातून वारा आला आणि त्यांच्या मांडीवरचा कागद फडफडला. मी कॅमेऱ्यामागून बाहेर आले, त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले, त्यांचे दोन्ही हात धरले.

"झालं, बाबा," मी म्हटलं. "हला आता."