बाळाचे पाय नाशकात, टोपडं नागपुरात

निषादचे पाय नाशकात होते आणि टोपडं नागपुरात. हा उद्योग करून बापू वर शांतपणे म्हणत होता, "सावकाश होऊ द्या."

बापू हा यंत्रमानव. पूर्वी एका मंगल कार्यालयात वाढपी होता. निवृत्त होऊन शाल्मलीच्या घरी आला, पण पंगतीतलं बोलणं सुटलं नाही.

शाल्मलीची आई चंद्रावर. थोड्याच वेळात तिचं यान चंद्राच्या पलीकडच्या बाजूला मुक्कामाला जाणार. मग सहा महिने फक्त चार ओळींचे निरोप. आणि नेमकं आज सकाळी धाकट्या निषादने पहिलं पाऊल टाकलं. यान जायच्या आत आईला पाठवायला शाल्मलीने त्याची चित्रफीत काढली. बापूने तिचे तुकडे करून गावोगावच्या यंत्रांत ठेवले. याला म्हणे मेघ-साठवण (नाव ढगाचं, कारभार सगळा जमिनीवरचा).

अख्खी एका जागी ठेवायला काय झालं होतं, म्हणत शाल्मली येरझाऱ्या घालत होती. तेवढ्यात वीज पडून नाशिकचं केंद्र बंद पडल्याची बातमी आली. म्हणजे पाय गेलेच.

"ताई, पंगतीला शंभर पानं आणि वाढायला मी एकटा. शेवटच्या पानाला भात कधी मिळेल?"

"लग्नाच्या वाढदिवसाला," शाल्मली फणकारली.

"म्हणून पाच वाढपी एकदम निघतात. ही समांतर प्रक्रिया (एकच काम वाटून, एकाच वेळी करणं)."

"आणि जिलबीवालाच घसरून पडला तर?"

"शहाणा आचारी सगळी जिलबी एकाच्या हाती देत नाही. पायांची एकेक प्रत साताऱ्यात आणि अकोल्यातही आहे."

आईकडे पोचलेले तुकडे पडद्यावर उमटू लागले. आधी टोपडं, मग भिंत, मग आजोबांचा अर्धा हात. सगळं उलटसुलट. शाल्मलीने नखं खायला घेतली आणि मध्येच थांबली.

"बापू, कोशिंबीर आधी आली तरी डावीकडेच वाढतात ना? तुकड्यांचीही जागा ठरलेली आहे?"

"प्रत्येकावर लिहिलेली आहे, ताई."

सर्वांत शेवटी साताऱ्याहून पाय आले, टोपड्याखाली आपल्या जागी बसले आणि चालू लागले.

यान वळता वळता आईचा निरोप आला : "बापूला सांग, अजून एकदा वाढ."

बापूचा दिवा लुकलुकला. इतक्या पंगतींत आग्रह नेहमी त्यानेच केला होता.

शाल्मली मात्र कॅमेरा घेऊन पळाली. निषाद उंबऱ्याकडे निघाला होता, आणि आई परतेपर्यंत हेही चार गावांत जपून ठेवायचं होतं.